पुलावर चढण्यापूर्वी : रहदारीच्या कॅमेऱ्यांचा उपयोग



आपल्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दोनदा लेकीकडे अमेरिकेत राहून आले. ती बेलव्ह्यू या गावी राहते. आपल्या वडोदऱ्याच्या मराठी घरांतील कितीतरी मुले आज त्या भागात नोकरीस आहेत. कोणाच्या ना कोणाच्या घरी सिएटल, रेडमंड ही नावे ऐकू येतातच. तेथे रोजच्या जाण्यायेण्यासाठी लोक एक साधन कसे वापरतात, ते समजावून सांगावे म्हणून हा लेख.

प्रथम थोडा भूगोल. सिएटल शहर वॉशिंग्टन सरोवराच्या पश्चिमेला आहे. बेलव्ह्यू, कर्कलँड व रेडमंड ही गावे पूर्वेला. सरोवर दक्षिणोत्तर सुमारे ३५ किलोमीटर लांब पसरलेले आहे. पलीकडे जायचे तर दोनच वाटा : उत्तरेकडचा ५२० क्रमांकाच्या महामार्गाचा पूल आणि दक्षिणेकडचा आय-९० महामार्गाचा पूल. दोन्ही नकोत, तर सरोवराला वळसा घालायचा.

हे दोन्ही पूल पाण्यावर तरंगतात. सरोवर काही ठिकाणी ६० मीटरहून खोल असून तळाशी मऊ गाळाचा जाड थर आहे. तेथे खांब रोवणे फार अवघड. म्हणून काँक्रीटच्या पोकळ पेट्या पाण्यावर सोडून, त्या दोरखंडांनी तळाशी जखडून, त्यांवर रस्ता बांधला आहे. काँक्रीट तरंगते कसे, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला जरूर विचारा. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. ५२० वरचा पहिला पूल १९६३ साली सुरू झाला. त्याची जागा घेणारा नवा पूल एप्रिल २०१६ मध्ये खुला झाला. त्याचा तरंगता भाग सुमारे २,३५० मीटर लांब असून तो जगातला सर्वांत लांब तरंगता पूल म्हणून ओळखला जातो. आय-९० वरचा एक पूल २५ नोव्हेंबर १९९० रोजी दुरुस्ती चालू असताना वादळी पावसात पेट्यांत पाणी शिरून बुडाला होता. तो १९९३ मध्ये पुन्हा बांधला गेला.

चुकलेली वेळ

आता मुद्द्याकडे येते. माझ्या नातवाच्या कानात वारंवार पाणी साठे. त्याला कमी ऐकू येई, आणि त्यामुळे बोलणेही मागे पडले होते. छोट्याशा शस्त्रक्रियेसाठी पलीकडच्या तीरावरील रुग्णालयाने सकाळी साडेआठची वेळ दिली होती. आम्ही सव्वासातला निघालो. एरवी तो अर्ध्या तासाचा रस्ता. पण त्या दिवशी पुलावर अपघात झाला होता, आणि ते आम्हाला पुलावर चढल्यावर कळले. मागे वळायला जागा नाही, बाजूला उतरायला रस्ता नाही. उपाशीपोटी रडणारे लेकरू मांडीवर घेऊन आम्ही पाण्याकडे पाहत बसलो. पोहोचेपर्यंत सव्वानऊ वाजले. आमची वेळ दुसऱ्या बाळाला दिली गेली होती, आणि पुढची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. आधीच बोलण्यात मागे पडलेल्या मुलाचे आणखी तीन आठवडे गेले.

जावई हळहळून म्हणाले, "आई, निघण्याआधी कॅमेरे बघायला हवे होते. रोज ऑफिसला जाताना बघतो, आजच गडबडीत राहून गेलं." तेव्हा मी विचारले, हे कॅमेरे म्हणजे काय? त्यांनी रात्री बसून समजावले. तेच आता आपल्याला सांगते.

कॅमेरे काय दाखवतात

वॉशिंग्टन राज्याच्या वाहतूक खात्याने महामार्गांवर आणि पुलांवर उंच खांबांवर कॅमेरे लावले आहेत. खात्याची माणसे नियंत्रण कक्षात बसून ते पाहतात आणि अपघात झाला की मदतीची गाडी धाडतात. तीच चित्रे खाते सर्वांसाठी खुली ठेवते. कोणीही संगणकावर किंवा मोबाइलवर ती फुकट पाहू शकतो. हा सलग चालणारा सिनेमा नसतो. बहुतेक ठिकाणी ते स्थिर छायाचित्र असते आणि दर काही मिनिटांनी बदलते.

त्याच्या जोडीला रंगीत नकाशाही असतो. रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून गाडी गेली की तिची नोंद होते. त्यावरून हिरवा म्हणजे मोकळा, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे गर्दीचा आणि काळा म्हणजे जवळजवळ थांबलेला रस्ता, असे रंग उमटतात.

मग नकाशा असताना कॅमेरा कशाला? नकाशा 'किती' ते सांगतो, कॅमेरा 'का' ते सांगतो. लाल रंग रोजच्या गर्दीचा आहे, की रस्त्यावर आडवा पडलेला ट्रक आहे, की बर्फ साचले आहे, हे चित्रातच दिसते. रोजची गर्दी हळूहळू पुढे सरकते. आडवा ट्रक हलेपर्यंत काही सरकत नाही.

वीस मिनिटांची अडचण, दीड तासाचा खोळंबा

हे समजायला थोडे गणित करू. सातवीच्या मुलांनी पेन्सिल हातात घ्यावी. महामार्गाच्या एका पट्ट्यातून तासाला सुमारे २,००० गाड्या जाऊ शकतात, म्हणजे मिनिटाला ३३. पुलावर एका दिशेला साधारण वाहनांसाठी दोन पट्टे आहेत. (तिसरा पट्टा बस आणि अनेक प्रवासी बसलेल्या गाड्यांसाठी राखीव असतो. तो येथे धरलेला नाही.) दोन पट्ट्यांतून मिनिटाला ६६ गाड्या जातील. सकाळी मिनिटाला ६० गाड्या येत आहेत असे समजू. सर्व सुरळीत चालेल.

आता एक पट्टा २० मिनिटे बंद पडला. मिनिटाला येतात ६०, जातात ३३. म्हणजे दर मिनिटाला २७ गाड्या मागे साठतात. वीस मिनिटांत ५४० गाड्या साठल्या. दोन पट्ट्यांत प्रत्येकी २७० गाड्या, आणि थांबलेल्या एका गाडीला साधारण ८ मीटर जागा धरली, तर रांग २,१६० मीटर लांब होते. म्हणजे जवळजवळ अख्खा तरंगता पूल भरला!

पट्टा मोकळा झाल्यावर? मिनिटाला ६६ जातील, पण ६० नव्या येतच राहतील. साठलेल्यांपैकी मिनिटाला फक्त सहा कमी होतात. ५४० भागिले ६, म्हणजे ९० मिनिटे. अडचण वीस मिनिटांची, पण तिचा त्रास दीड तास पुरतो. म्हणून "अपघात दूर केला आहे" अशी सूचना वाचून लगेच निघू नये. रांग विरली की नाही, ते चित्रात पाहावे.

कसे पाहावे

१. सगळे कॅमेरे पाहत बसू नका. आपल्या वाटेवरचे चार-पाच निवडा. पुलाच्या अलीकडचा एक, मधला एक, पलीकडच्या टोकाचा एक, आणि दुसऱ्या पुलावरचे एक-दोन. पलीकडचे टोक सर्वांत महत्त्वाचे, कारण रांग तेथून सुरू होऊन मागे वाढत येते. ५२० चा पूल पश्चिमेला माँटलेकजवळ उतरतो आणि पुढे आय-५ या मोठ्या महामार्गाला मिळतो. तेथे कोंडी झाली तर थोड्याच वेळात पूलही भरतो. माँटलेकला विद्यापीठाचे फुटबॉलचे मैदान आहे. सामन्याच्या दिवशी तेथे काय होत असेल, ते सांगायला नको.

२. चित्रावरची वेळ वाचा. कधी कधी कॅमेरा अडकतो आणि जुनेच चित्र दिसत राहते. पहाटेचा मोकळा रस्ता पाहून आठ वाजता निघालात, तर फसाल.

३. एकच चित्र पाहून निर्णय घेऊ नका. पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. एखादी ओळखू येणारी गाडी निवडा. ती दुसऱ्या चित्रातही जवळपास तेथेच असेल, तर रस्ता थांबलेला आहे.

४. दिशा ओळखा. काही कॅमेरे नियंत्रण कक्षातून फिरवता येतात, त्यामुळे कालची डावी बाजू आज उजवी असू शकते. डिसेंबरात तेथे दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. मग चित्रात फक्त दिवे दिसतात. पांढरे दिवे आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांचे, तांबडे दूर जाणाऱ्यांचे.

५. कोठपर्यंत मत बदलता येईल, ते आधी ठरवा. रेडमंडहून येणाऱ्याला बेलव्ह्यूत आय-४०५ महामार्ग लागतो. तेथून दक्षिणेला वळून आय-९० गाठता येतो. एकदा पुलावर चढलात की माघार नाही.

६. खर्चही मोजा. ५२० च्या पुलावर डिसेंबर २०११ पासून टोल आहे आणि तो वेळेप्रमाणे कमीजास्त होतो. गर्दीच्या तासांत जास्त. गाडी थांबवावी लागत नाही. पास नसेल तर पाटीचा फोटो घेऊन बिल घरी येते. आय-९० च्या पुलावर टोल नाही. म्हणून पैसे वाचवायला पुष्कळजण तिकडे वळतात आणि तेथे गर्दी करतात.

७. गाडी चालवणाऱ्याने हे काही पाहू नये. घरून निघण्यापूर्वी पाहावे, किंवा शेजारी बसलेल्याने पाहावे. वॉशिंग्टन राज्यात २०१७ पासून गाडी चालवताना मोबाइल हातात धरण्यास बंदी आहे, सिग्नलला थांबलेले असतानाही.

मर्यादा

कॅमेरा फक्त 'आत्ता' दाखवतो. आपण तेथे पोहोचू तेव्हा काय असेल, ते सांगत नाही. ती जोड अनुभवाने द्यावी लागते. जावयांनी एका वहीत दोन आठवडे रोजची नोंद केली होती : निघताना चित्रात काय दिसले आणि प्रत्यक्षात किती वेळ लागला. त्यावरून त्यांना कळले की पावसाच्या दिवशी वीस मिनिटे जास्त धरावीत. यंत्र चित्र देते, अर्थ आपण लावायचा.

तीन आठवड्यांनी पुन्हा रुग्णालयात जायचे होते. या वेळी पावणेसातला मीच चष्मा लावून बसले. पुलाचा मध्य मोकळा दिसत होता, पण माँटलेकच्या टोकाला एक निळा ट्रक उभा होता. पाच मिनिटांनी पाहिले, तो तेथेच. आणखी पाच मिनिटांनी पाहिले, तरी तेथेच, आणि मागे दिव्यांची माळ. मी म्हटले, "आज दुसऱ्या पुलाने." वाट लांबची होती, पण आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही दारात होतो. शस्त्रक्रिया झाली. परतताना गाडीत नातू एकदम दचकून म्हणाला, "आजी, पाऊस वाजतोय!" एवढे दिवस त्याने पाऊस नुसता पाहिला होता.

आपल्यालाही पुलाची कोंडी नवी नाही. भरूचजवळ नर्मदेवरच्या पुलापाशी तासन् तास अडकलेले आपल्यापैकी अनेकजण आहेत. २०१७ साली नवा पूल झाला आणि तो त्रास पुष्कळ कमी झाला. माझ्या लहानपणी रेल्वेचे फाटक बंद आहे का, हे पाहायला घरातल्या धाकट्याला सायकलवर पुढे पिटाळत. तो धापा टाकत येऊन सांगे, "बंद आहे, पण गाडी आली!" मगच टांगा निघे. तिकडचा कॅमेरा म्हणजे तोच धाकटा. त्याला काय विचारायचे आणि त्याचे कितपत ऐकायचे, एवढे कळले की काम झाले.

ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर त्यांना जरूर विचारावे, "निघण्याआधी पूल बघतोस ना रे?"

— शाळेची एक निवृत्त शिक्षिका