राज्य झालं नाही, टीम मात्र झाली

भंडाऱ्यातल्या कुठल्याही चहाटपरीवर उभं राहा आणि विचारा, ‘भाऊ, तुझी टीम कोणती?’ उत्तर लगेच येतं. चेन्नई. मुंबई. कोहली आहे म्हणून बंगळुरू. मग हळूच विचारा, ‘आणि विदर्भ?’ थोडा वेळ नुसतं चहा फुरकण्याचा आवाज. मग एखादा म्हणतो, ‘हो ना बे, ते पण आहे.’

ते पण आहे! तीन वेळा रणजी करंडक जिंकलेल्या टीमबद्दल तिच्याच मुलखातली ही प्रतिक्रिया. आपल्याकडे चेन्नईची पिवळी जर्सी बाजारात सहज मिळते. विदर्भाची जर्सी घातलेला पोरगा तुम्ही शेवटचा कधी पाहिला? मी तरी आठवून थकलो.

या टीमची गंमत तिच्या नावापासूनच सुरू होते. देशातल्या बहुतेक रणजी टीमना राज्यांची नावं आहेत. कर्नाटक, तमिळनाडू, केरळ. काहींना शहराचं, रेल्वे आणि सेनादलांना त्यांच्या खात्याचं. विदर्भ मात्र ना राज्य, ना शहर, ना खातं. महाराष्ट्रातून रणजीत तीन टीम उतरतात: मुंबई, पुण्याची महाराष्ट्र आणि आपली विदर्भ. त्यातही मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात, आपण मध्य विभागात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थानच्या रांगेत. म्हणजे सात-बारा महाराष्ट्राचा, पण क्रिकेटचा नकाशा वेगळाच.

हे असं काहून झालं, याचं उत्तर इतिहासाच्या पेपरात आहे. फक्त तिथे कुणी क्रिकेट शिकवत नाही. इंग्रजांच्या काळात आपण सीपी अँड बेरार प्रांतात होतो, राजधानी नागपूर. भंडारा जिल्हाही त्यातच, आणि तेव्हा गोंदियासकट. रणजीच्या सुरुवातीच्या वर्षांत सीपी अँड बेरार नावाची टीमही खेळायची. पुढे १९५५ मध्ये फाजल अली आयोगानं विदर्भाचं स्वतंत्र राज्य करा, अशी शिफारस केली. ती काही अमलात आली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण मधल्या काळात, १९५७-५८ च्या मोसमात, ‘विदर्भ’ या नावाची टीम रणजीत उतरली होती. वेगळं राज्य हवं की नको, यावर तुमच्या घरात दोन मतं असतील. माझ्या घरात तीन आहेत. पण क्रिकेटमध्ये हे नाव तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे एवढं नक्की.

नाव टिकलं, पण त्या नावाचा दरारा काही नव्हता. कितीतरी वर्षं विदर्भाशी सामना म्हणजे समोरच्या टीमला पॉइंट गोळा करायची संधी. पुढे रणजीचे एलिट आणि प्लेट असे दोन मजले झाले, तेव्हा आपण बराच काळ खालच्या मजल्यावर. याची दुसरी बाजू आणखी टोचणारी आहे. नागपुरात कसोटी सामने १९६९ पासून होतायत. पहिला न्यूझीलंडविरुद्ध, आणि तो आपण १६७ रननी हरलो. १९८७ च्या वर्ल्ड कपमध्ये चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरांचं वनडेतलं एकमेव शतक, दोन्ही एकाच दिवशी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर झालं. अख्खं जग इथे येऊन खेळून गेलं. पण विदर्भाकडून खेळणारा पोरगा भारताच्या कसोटी टीममध्ये यायला २०११ उजाडावं लागलं. नुसता हिशोब करा, ४२ वर्षं आपण दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होतो.

तो पोरगा म्हणजे उमेश यादव. त्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, पण आपल्याकडच्या पोरांनी ती जरा वेगळ्या नजरेनं वाचायला हवी. वडील कोळसा खाणीत कामगार, घर खापरखेड्याजवळच्या वलनीत. सैन्यात जायचा प्रयत्न झाला, पोलिस भरतीचाही झाला, दोन्ही हुकलं. विशीच्या आसपास येईपर्यंत लेदर बॉलशी त्याची नीट ओळखही नव्हती, सगळं क्रिकेट टेनिस बॉलवर. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला, २०१० मध्ये भारताकडून वनडे, आणि २०११ मध्ये कसोटी. पोलिस भरतीसाठी पहाटे ग्राउंडवर पळणारी पोरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. धान कापून झालं की बांधीत पिच तयार करून टेनिस बॉलनं सुसाट टाकणारीही आहेत. उमेश त्यांच्यातलाच एक होता.

आता येऊ या २०१७ कडे, कारण सगळी मजा तिथे आहे.

कोच आले चंद्रकांत पंडित. शिस्तीला एकदम कडक माणूस. कॅप्टन फैज फजल, नागपूरचा, भारताकडून एकच वनडे खेळलेला. त्या एकमेव वनडेत, २०१६ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध, त्यानं नाबाद ५५ केले आणि पुन्हा कधी त्याचा नंबर लागला नाही. सोबत वसीम जाफर, मुंबईकडून आयुष्यभर खेळून चाळिशीच्या दारात आलेला. आधीच्या मोसमात दुखापतीमुळे तो खेळू शकला नव्हता, पैसे मात्र मिळाले होते. म्हणून २०१७-१८ चा मोसम तो पैसे न घेता खेळला. नंतर त्यानं स्वतःच हे सांगितलं. आणि रजनीश गुरबानी नावाचा एक फास्ट बॉलर, हातात सिव्हिल इंजिनीअरिंगची डिग्री. (इंजिनीअरिंग करून दुसरंच काहीतरी करायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, पण इतकं भारी फार कमी जणांना जमतं.)

सेमीफायनल कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, समोर कर्नाटक. त्यांना जिंकायला १९८ हवे होते. ते १९२ वर ऑलआउट झाले. ५ रन! गुरबानीनं त्या डावात ६८ रन देऊन ७ विकेट काढल्या. त्या शेवटच्या तासात मोबाइलवर स्कोअर रिफ्रेश करत बसलेल्यांना विचारा, अंगठ्याची काय अवस्था झाली होती.

फायनल इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, दिल्लीशी. विदर्भाची पहिलीच फायनल, रणजीत उतरल्यानंतर ६० वर्षांनी. दिल्लीच्या ध्रुव शौरीनं १४५ ठोकले, तरी दिल्ली २९५ वर संपली, कारण गुरबानीनं हॅटट्रिक घेतली. रणजी फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा तो इतिहासातला फक्त दुसरा बॉलर. आधीचा तमिळनाडूचा कल्याणसुंदरम, १९७२-७३ मधला. मग विकेटकीपर अक्षय वाडकरनं १३३ केले. फर्स्ट क्लासमधलं पहिलं शतक आणि तेही फायनलमध्ये. विदर्भ ५४७. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी २०१८ ला, आपण ९ विकेटनी जिंकलो.

लोक म्हणाले, लागली लॉटरी. पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, या वेळी घरी, जामठ्याला. समोर सौराष्ट्र आणि त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा. सौराष्ट्रला २०६ करायचे होते, १२७ मध्ये खेळ खल्लास. डावखुऱ्या स्पिनर आदित्य सरवटेनं मॅचमध्ये ११ विकेट घेतल्या, त्यात पुजाराला दोन्ही डावांत काढलं, एकदा १ वर आणि एकदा शून्यावर. जाफरनं त्या मोसमात १०३७ रन केले. लागोपाठ दोन करंडक. त्याच महिन्यात इराणी करंडकही आपणच राखला आणि फजलनं बक्षिसाची रक्कम पुलवामातल्या शहीद जवानांच्या कुटुंबांना द्यायचं जाहीर केलं.

आता कट्ट्यावरच्या त्या जुन्या आक्षेपाकडे. ‘अरे पण यात आपले किती? जाफर मुंबईचा, पंडित मुंबईचे, गणेश सतीश कर्नाटकचा, त्याआधी बद्रीनाथ चेन्नईहून आणला. भाड्यानं आणून जिंकलं तर त्यात काय?’ आक्षेप अगदीच फालतू नाही. पण आकडे बघा. इंदूरला हॅटट्रिक घेणारा नागपूरचा, शतक ठोकणारा वाडकर आपलाच, जामठ्यात ११ विकेट काढणारा सरवटेही आपलाच. बाहेरून आलेल्यांनी जिंकायची सवय आणली, पण त्या दोन फायनल इथल्या पोरांनी ओढून नेल्या, असं माझं मत आहे.

आणि या गोष्टीला एक झकास उलट टोक आहे. २०२४-२५ ची फायनल पुन्हा जामठ्यात, समोर केरळ. केरळच्या टीममध्ये कोण? आदित्य सरवटे! तो त्या मोसमात तिकडे गेला होता. ज्या मैदानावर त्यानं विदर्भाला करंडक मिळवून दिला, तिथेच तो विदर्भाविरुद्ध ७९ रन करून गेला. आणि २०१८ मध्ये आपल्याला छळणारा दिल्लीचा ध्रुव शौरी? तो आता विदर्भाकडून ओपनिंगला. विदर्भाकडून दानिश मालेवारनं १५३ केले, कर्नाटकातून आलेल्या करुण नायरनं दुसऱ्या डावात १३५. विदर्भ ३७९, केरळ ३४२. मॅच ड्रॉ झाली आणि पहिल्या डावातल्या ३७ रनच्या आघाडीवर तिसरा करंडक आपला. हर्ष दुबेनं त्या मोसमात ६९ विकेट घेतल्या, एका रणजी मोसमातला हा विक्रम आहे. आदल्याच वर्षी वानखेडेवर मुंबईकडून आपण १६९ रननी फायनल हरलो होतो. या वेळी सेमीफायनलमध्ये त्याच मुंबईला ८० रननी घरी पाठवलं. मला स्वतःला फायनलपेक्षा ती सेमीफायनल जास्त गोड लागली.

अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत असाच प्रकार आहे. तिथल्या छोट्या शहरांतल्या बहुतेक टीम कुठल्या तरी बड्या क्लबच्या शाखा असतात. चांगला खेळाडू दिसला की मालक वर ओढून नेतो. पण काही टीम कुणाच्याच नसतात. १९७३ मध्ये पोर्टलंड शहरात बिंग रसेल नावाच्या नटानं अशी एक बिनमालकाची टीम काढली, पोर्टलंड मॅव्हरिक्स. खुली ट्रायल ठेवली आणि बाकी क्लबांनी नाकारलेली पोरं घेतली. शहर त्या टीमवर फिदा झालं. गर्दी बघून १९७७ नंतर मोठ्या लीगला ते शहर परत हवंसं झालं आणि मॅव्हरिक्स संपली. रसेलनं मात्र भांडून २ लाख ६ हजार डॉलर भरपाई वसूल केली. नेटफ्लिक्सवर त्यावर डॉक्युमेंटरी आहे, परीक्षा संपली की बघा.

आपली गोष्ट तंतोतंत तशी नाही. विदर्भ क्रिकेट असोसिएशन बीसीसीआयच्या घरातच आहे, बंडखोर वगैरे काही नाही. पण आयपीएलच्या दहा टीममध्ये विदर्भाची एकही नाही, त्यामुळे जाहिरातीत आपण नसतो. आपला खेळाडू चमकला की तो टीव्हीवर दुसऱ्याच शहराच्या जर्सीत दिसतो आणि आपण त्या शहराचे फॅन होतो.

शेवटी एक तक्रार, घरातलीच. विदर्भ म्हणजे ११ जिल्हे, पण क्रिकेटचा विदर्भ म्हटलं की डोळ्यांसमोर नागपूरच येतं. तरी चित्र बदलतंय. दोन्ही हातांनी बॉलिंग टाकणारा अक्षय कर्णेवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा. दर्शन नळकांडे वर्ध्याचा. जितेश शर्मा आणि भारती फुलमाळी अमरावतीचे. या यादीत साकोली, तुमसर, पवनी कधी येणार?

रणजीचा मोसम साधारण ऑक्टोबरपासून चालतो. आपल्याकडे धान कापणीला येतं तेव्हाच. बांधी मोकळी झाली, स्टंप रोवले की या वेळी एकानं तरी टॉसच्या वेळी ‘आम्ही चेन्नई’ न म्हणता ‘आम्ही विदर्भ’ म्हणून बघा. समोरचे मुंबई घेतील, घेऊ द्या. त्यांना सेमीफायनलचा स्कोअर सांगा.