जगात जर्मनी, भारतात परभणी; आणि कबड्डीत?

परभणीत वाढलेल्या माणसाला 'सगळ्यात भारी कोण?' हा प्रश्न अवघड वाटत नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही अक्षरओळख व्हायच्या आधीच शिकतो. परगावी कुणी 'तुम्ही कुठले?' म्हणून विचारलं आणि आपण गावाचं नाव घेतलं, की समोरचाच ते वाक्य पुरं करतो. मला दर वेळी तितकंच बरं वाटतं. पण हाच प्रश्न कबड्डीपाशी आला की यमक कामाला येत नाही. प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला की रात्री सामना संपल्यावर हॉटेलातले चहाचे कप कधीच रिकामे झालेले असतात, तरी कुणी उठत नाही. परदीप नरवाल की पवन सेहरावत? की आपला सिद्धार्थ देसाई?

हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकतोय, त्यात तोंडही घालतोय. माणसं हट्टी असतात म्हणून तो मिटत नाही, असं मला बरेच दिवस वाटायचं. मग एकदा आकडे घेऊन बसलो आणि चकित झालो. वाद मिटत नाही याला कारणं आहेत, आणि ती कारणं खेळाइतकीच देखणी आहेत.

वाद होत नाही असे खेळही असतात, हे आधी सांगायला हवं. धावपटू ज्योती गवते आमच्या परभणीची. 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. वेळ 2 तास 50 मिनिटे 53 सेकंद. अंतर सगळ्यांना तेच, 42.195 किलोमीटर, आणि घड्याळ एकच. त्या दिवशी कोण पुढे होतं यावर कुणी चहा थंड करत नाही. कबड्डीत मात्र सात गडी, समोर सात गडी, आणि एकाच चाळीस मिनिटांत प्रत्येकाचं काम वेगळं.

प्रो कबड्डी 26 जुलै 2014 ला सुरू झाली, आणि तिथे प्रत्येक चढाई, प्रत्येक पकड, प्रत्येक बोनस खेळाडूच्या नावावर लिहिला जाऊ लागला, आणि ते सगळं कुणालाही बघता येऊ लागलं. वाटलं असेल, आता आकडे बोलतील आणि भांडणं थांबतील. झालं भलतंच. 2017 च्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने चढाईत 369 गुण मिळवले. त्याच हंगामात हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या एका सामन्यात त्याने एकट्याने चढाईचे 34 गुण घेतले. त्यातल्या एका चढाईत तर समोरचा अख्खा संघ बाद झाला आणि लोण धरून पाटण्याला 8 गुण मिळाले. ती चढाई मी अजूनही मधूनच लावून बघतो. तो खाली वाकतो, हातांच्या साखळीखालून डुबकी मारतो आणि दोघं-तिघं अंगावर असताना मध्यरेषेला हात पोचवतो. दोनच वर्षांनी, 2019 मध्ये, बेंगळुरू बुल्सच्या पवन सेहरावतने त्याच हरियाणाविरुद्ध एका सामन्यात 39 गुण घेतले. त्या हंगामात त्याचे चढाईचे एकूण गुण 346 झाले.

म्हणजे हंगामाच्या बेरजेत परदीप पुढे. पण परदीप त्याच्या हंगामात 26 सामने खेळला होता आणि पवन त्याच्या हंगामात 24. भागाकार करून बघा: परदीप सामन्यामागे 14.2, पवन 14.4. बेरीज एकाचं नाव घेते आणि सरासरी दुसऱ्याचं. दोन्ही आकडे खरे, दोन्ही त्याच वहीतले.

मला वाटलं हा आपल्याकडचाच योगायोग असेल. पण अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, एनबीएत, हाच घोळ अर्ध्या शतकाहून जुना आहे. कारकिर्दीत सामन्यामागे सर्वाधिक गुण कुणाचे, तर मायकेल जॉर्डनचे: 30.12. दुसरा विल्ट चेंबरलेन: 30.07. फरक एका गुणाच्या विसाव्या हिश्श्याचा! एकूण गुणांच्या यादीत मात्र दोघंही मागे पडतात. करीम अब्दुल-जब्बार जवळजवळ चार दशकं शिखरावर होता, त्याचे एकूण गुण 38,387. 7 फेब्रुवारी 2023 ला लेब्रॉन जेम्सने ते ओलांडले. आणि अजिंक्यपदं मोजायची म्हटली तर या चौघांनाही बाजूला व्हावं लागतं, कारण बिल रसेलने 13 हंगामांत 11 अजिंक्यपदं जिंकली. गुण, सरासरी, अजिंक्यपद असे तीन तराजू आणि त्यांतून निघणारी माणसं वेगवेगळी.

बरं, आकडे सोडून दिले आणि हात वर करून मत घेतलं तर? मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट इथेच आहे. तीन मित्र धरा. पहिल्याचा क्रम: परदीप, मग पवन, मग सिद्धार्थ. दुसऱ्याचा: पवन, सिद्धार्थ, परदीप. तिसरा कोल्हापूरकडचा जावई; त्याला चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थचं कौतुक, आणि ते साहजिक आहे. 2018 च्या पदार्पणाच्या हंगामातच सिद्धार्थने यू मुंबाकडून चढाईचे दोनशेहून जास्त गुण घेतले होते, आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले होते. तर या जावयाचा क्रम: सिद्धार्थ, परदीप, पवन.

आता दोघादोघांची जोडी लावा. परदीप की पवन? पहिला आणि तिसरा परदीप म्हणतात, म्हणजे दोन विरुद्ध एक, परदीप भारी. पवन की सिद्धार्थ? पहिला आणि दुसरा पवन म्हणतात, पवन भारी. परदीप पवनपेक्षा भारी, पवन सिद्धार्थपेक्षा भारी, म्हणजे परदीप सिद्धार्थपेक्षा भारी असायलाच हवा ना? विचारून बघा. दुसरा आणि तिसरा सिद्धार्थ म्हणतात! चाक गोल फिरलं. तिघांपैकी प्रत्येकाचं डोकं ठिकाणावर आहे, कुणीही शब्द फिरवलेला नाही, तरी तिघांच्या मिळून मताला शेंडाबुडखा उरत नाही.

फ्रान्समध्ये मार्की द कोंदोर्से नावाच्या गणितज्ञाने हे 1785 मध्ये दाखवून दिलं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो याने 1951 मध्ये त्यापुढची पायरी गाठली. तीन किंवा जास्त पर्याय असतील तर प्रत्येकाच्या पसंतीतून सगळ्यांचा मिळून एकच क्रम लावणारी अशी कोणतीही पद्धत असू शकत नाही जी काही अगदी साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळेल, हे त्याने सिद्ध केलं. पुढे 1972 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून हॉटेलातला वाद बारा वाजता सुरू झाला तिथेच परत आला, की मला आता कंटाळा येत नाही. उलट अंगावर काटा येतो. चार माणसं बसलेली असतात आणि त्यांच्यामधून गणितातलं एक प्रमेय चालत जातं.

आतापर्यंत मी फक्त रेडरची, चढाई करणाऱ्यांची नावं घेतली. वाद नेहमी असाच घातला जातो आणि ते मला खटकतं. इराणचा फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. पकडीचे पाचशेहून जास्त गुण त्याच्या नावावर आहेत. परदीपचे चढाईचे गुण कारकिर्दीत अठराशेच्या घरात. नुसती बेरीज बघितली तर फझल बापडा कुठेच नाही. पण नियम बघा. चढाई करणारा एका दमात दोघांना, तिघांना हात लावू शकतो आणि तितके गुण घेतो. पकड करणाऱ्याला एका चढाईत मिळणार एक गुण. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असतील आणि अव्वल पकड झाली तरच दोन. शिवाय घोटा एकाने धरलेला असतो, मांडी दुसऱ्याने, साखळीने बाहेर ढकललेलं असतं आणखी दोघांनी. गुण एकाच्याच नावावर लागतो. परदीपचा रुपया आणि फझलचा रुपया एकाच टांकसाळीतून निघालेला नाही.

त्याच्याही पलीकडे एक गोष्ट आहे. कोपऱ्यात फझलसारखा माणूस उभा असला की चढाईला आलेला गडी त्या बाजूला जातच नाही. मधूनच पाय टाकतो, बोनस रेषेकडे बघतो, निदान रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परत जातो. त्या तीस सेकंदांत कोपऱ्यातल्या माणसाने काय केलं? काहीच नाही. तो नुसता उभा होता. वहीत त्याच्या नावापुढे काहीही लिहिलं जात नाही, आणि तरी त्याने आपल्या संघाचा एक गडी वाचवलेला असतो. घडलं नाही ते मोजायचं कसं?

बास्केटबॉलमध्ये याचं उदाहरण असं आहे की विश्वास बसत नाही. बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन हे दोघं उंच उडी मारून समोरच्याचा फेकलेला चेंडू हवेतच अडवण्यात त्या काळी अव्वल होते. असे अडवलेले चेंडू एनबीएने अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली 1973-74 च्या हंगामापासून. रसेल 1969 मध्ये थांबला होता, चेंबरलेन 1973 मध्ये. ज्या कामासाठी लोक त्यांना आठवतात, त्या कामाच्या अधिकृत रकान्यात त्यांच्या नावापुढे एकही आकडा नाही.

नियम बदलला की माणूसही बदलतो. 22 नोव्हेंबर 1950 ला फोर्ट वेन पिस्टन्स आणि मिनिॲपोलिस लेकर्स यांच्यातला सामना 19-18 असा संपला. पुढे असलेला संघ चेंडू हातात धरून वेळ काढायचा आणि त्याला कुणी काही करू शकत नव्हतं. सिराक्यूजच्या संघाचा मालक डॅनी बायासोन याने साधा हिशेब केला. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून 120 वेळा चेंडू टाकतात, सामना 48 मिनिटांचा म्हणजे 2,880 सेकंदांचा. भागिले 120, उत्तर 24. तेव्हा 1954 पासून 24 सेकंदांत चेंडू टाकायचं बंधन आलं आणि खेळ पळायला लागला. प्रो कबड्डीतला तिसऱ्या चढाईचा नियम याच जातीचा आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. पूर्वी आघाडी हातात असताना शांतपणे वेळ खाणारा गडी संघाचं भूषण असायचा. त्याची ती कला या नियमात बसत नाही.

मात्र हुतूतूच्या काळी घड्याळाचं काम कशाने व्हायचं, हे आठवलं की मला आपल्या खेळाबद्दल फार प्रेम दाटून येतं. दमाने! चढाई किती वेळ चालायची ते गड्याची छाती ठरवायची. दम तुटला की बाद. जगात इतर खेळांनी वेळ मोजायला वाळूची, काट्याची, विजेची घड्याळं घेतली. आपण माणसाचा श्वासच घेतला. आणि म्हणीतल्या जर्मनीचाही इथे संबंध येतो. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. जर्मनीच्या मैदानावर तो दम घुमलेला आहे.

मागच्या हिवाळ्यात गंगाखेडच्या अलीकडे एका गावात लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर पोरांनी फोन काढले आणि वाद पेटला. परदीप, पवन, सरासरी, एकूण. 2025 च्या लिलावात चढाईच्या गुणांचा राजा परदीप याच्यावर एकाही संघाने बोली लावली नाही आणि त्यानंतर त्याने निवृत्ती घेतली, यावर एक पोरगा अजून चिडलेला होता. मी त्याला म्हटलं, लिलावात मागचे गुण विकत घेत नाहीत, पुढचे घेतात. त्याला ते पटलं नाही.

बाजेवर एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "तुम्ही आमच्या गावचा गडी बघितला न्हाई." त्यांनी एक नाव घेतलं.

पोरानं विचारलं, "किती पॉइंट होते आजोबा त्यांचे?"

मला तेव्हा विल्ट चेंबरलेनची गोष्ट आठवत होती. 2 मार्च 1962 ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात त्याने एका सामन्यात 100 गुण केले. सामना टीव्हीवर नव्हता, त्याचं चित्रीकरण नाही. सामन्यानंतरचा एक फोटो आहे, त्यात त्याने हातात कागद धरलाय आणि कागदावर नुसतं '100' लिहिलंय. या गावच्या गड्यासाठी तसा कागदही कुणी धरला नव्हता.

आजोबा काठी टेकत उठले. मांडवाबाहेरच्या काळ्या रानात पाऊस सरून दोन महिने झाले होते, माती वरून घट्ट झाली होती. त्यांनी काठीने एक रेघ ओढली. "ही मधली रेघ." मग मागे मागे चालत गेले, पावलं मोजत, आणि एका जागी थांबले. "इथं धरला त्याला. पाच जणांनी. एकानं घोटा, दोघांनी कंबर, बाकीचे वरून. आन् दम चालूच."

पोरगं फोन खिशात घालून त्यांच्याजवळ गेलं. आजोबांनी काठी मातीत खुपसली, तिथून रेघेपर्यंतचं अंतर एकदा बघितलं आणि म्हणाले, "आता तू झोप बरं इथं. हात लांब कर. बघू कुठवर पोचतोस."