हवेची कयाक घेताना काय बघायचं?

मागच्या भेटीत आपण कोकम आगळाच्या बाटल्यांबद्दल बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज बोलायचं आहे हवा भरून वापरायच्या होडीबद्दल, म्हणजे कयाकबद्दल. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि कयाकचा संबंध काय? सांगतो.

आमचं गाव सिंधुदुर्गात, खाडीच्या काठावर. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एका ताईंकडे पाहुणे आले. त्यांनी मुलांसाठी हवेची रंगीत होडी आणली होती. दोन मुलं त्यात बसली आणि काठावरच खेळू लागली. आम्ही बायका बाजूला कालवं काढत होतो. ओहोटी लागली होती, त्यात सकाळचा मतलई वारा. बघता बघता होडी काठापासून सुटली आणि खाडीच्या तोंडाकडे निघाली. मुलांच्या हातात वल्हं म्हणून प्लास्टिकचं एक फावडं होतं, अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. जाळं टाकायला निघालेल्या एका काकांनी आपली होडी वळवली, म्हणून मुलं घरी आली.

त्या दिवसानंतर गावात दोन मतं पडली. कोणी म्हणालं, पाण्यावर मुलांना नेऊच नका. पण खाडीकाठच्या मुलांना खाडीपासून तोडायचं कसं? गटाच्या बैठकीत आम्ही ठरवलं की दहा घरांत मिळून एक चांगली कयाक घ्यायची आणि नीट शिकून वापरायची. पैसे गटाचे, म्हणजे प्रत्येकीच्या घामाचे. म्हणून घेण्याआधी बरीच चौकशी केली. त्यातलं जे उपयोगी पडलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं. ते कातडं पाणी शिरणार नाही असं शिवायचं काम तिथल्या बायकांचं. टाका सैल पडला तर घरचा माणूस बुडणार. आज कातड्याच्या जागी प्लास्टिक आलं, पण गोष्ट तीच आहे. होडीचा जीव तिच्या शिवणीत आणि जोडात असतो.

आता पहिली गोष्ट, खेळणं आणि होडी यांतला फरक. पातळ प्लास्टिकची, एकाच कप्प्याची होडी म्हणजे खेळणं. ते फुटलं की सगळीच हवा जाते. खऱ्या कयाकला निदान तीन वेगळे कप्पे असतात, दोन बाजूंचे दोन आणि तळाचा एक. एक फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, "कप्पे किती?"

दुसरं, कापड. आपल्या खाडीत कांदळवनाची टोकदार मुळं आणि दगडाला चिकटलेली कालवं असतात. कालवाची धार ब्लेडसारखी. पातळ व्हिनाइल तिथे टिकत नाही. जाड पीव्हीसी, आत कापडाचा थर असलेलं, किंवा वरून नायलॉनचं मजबूत आवरण असलेली कयाक बघा. काही कयाकचा तळ फळीसारखा कडक असतो. त्यात वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी एकमेकांना जोडलेला असतो, त्यामुळे भरपूर हवा भरली तरी तो फुगून गोल होत नाही, सपाट राहतो. असा तळ महाग पडतो, पण होडी सरळ चालते आणि बसायला स्थिर वाटते.

तिसरं, वजन. इथेच जास्त फसगत होते. खोक्यावर दोन माणसांचं चित्र असतं आणि खाली १८० किलो लिहिलेलं असतं. आपण म्हणतो, मग आई, बाबा आणि पोर सहज बसतील. पण तो आकडा शेवटच्या मर्यादेचा. काठोकाठ भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालून बघा, तसंच ते. आम्ही दोन तृतीयांशाचा हिशेब धरतो. १८० ची कयाक असेल तर १२० किलो. आई ५५, बाबा ६५, झाले १२०. पोराला जागा उरली नाही. त्या दोघांबरोबर २० किलोचं मूल, पाणी आणि डबा घ्यायचा तर निदान २२५ किलोची कयाक हवी. बसायच्या जागाही तीन हव्यात, मांडीवर मूल घेऊन वल्हवता येत नाही.

चौथं, आकार. रुंद कयाक हळू चालते पण कलत नाही. लांब आणि अरुंद कयाक वेगाने जाते पण डगमगते. कुटुंबासाठी रुंदच बरी. खाली पाठीमागे एक छोटा पंख लावायची सोय आहे का ते बघा. पंख नसेल तर हवेची होडी पाण्यावर गोल गोल फिरते. उथळ पाण्यात तो काढता आला पाहिजे.

पाचवं, हवा. पंपाबरोबर दाब दाखवणारा काटा घ्या आणि कयाकवर लिहिलंय तेवढीच हवा भरा. कमी भरली तर होडी मधे वाकते. भरून पाण्यात सोडली की गार पाण्याने हवा आकसते, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा बघा. उलट, काठावर उन्हात ठेवली तर हवा प्रसरण पावते आणि जोड उसवतो. काठावर आणली की सावलीत ठेवा, थोडी हवा सोडा. नवी कयाक आणली की घरातच भरून रात्रभर ठेवा. सकाळी फार मऊ झाली असेल तर जोडांवर आणि झडपांवर साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. अशी वस्तू लगेच परत करा, पावती जपून ठेवा.

सहावं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाइफ जॅकेट. आम्ही हिशेब उलटा मांडला. आधी जॅकेटचे पैसे बाजूला काढले, उरले त्यात कयाक शोधली. जॅकेट वजनाप्रमाणे मिळतं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला चालत नाही, ते डोक्यावरून निसटतं. घालून पट्टे आवळा आणि खांद्याला धरून वर उचला. कानापर्यंत आलं तर सैल. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा. हवेची रिंग किंवा दंडातले फुगे म्हणजे जॅकेट नव्हे. आणि बायांनो, साडीचा घोळ पाण्यात पायांत अडकतो. सलवार किंवा ट्रॅकपँट घाला, लाजायचं कारण नाही.

आता वापरायचं केव्हा? आमच्या गटातल्या आजी म्हणतात, "पाण्यात जावचा तर पाण्याक इचारून जावचा." तिथीला पाऊणपट केलं की भरतीची अदमासे वेळ कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या सुमारास. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ फार, तेव्हा आम्ही जात नाही. अष्टमीच्या सुमाराचं भांगाचं पाणी शांत. भरतीबरोबर खाडीत आत जायचं आणि पाणी थांबलं की लगेच परत फिरायचं. ओहोटीत खाडीच्या तोंडाकडे कधीच नाही. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आणि हवेची होडी हलकी, ती पानासारखी वाहून जाते. पावसाळ्यात कयाक माळ्यावर.

पहिले चार रविवार आम्ही कंबरभर पाण्यातच सराव केला. मुद्दाम पडायचं, होडी धरून ठेवायची, मागच्या बाजूने पाय मारत पुन्हा चढायचं. होडी उलटली तरी ती सोडून पोहत निघायचं नाही. गळ्यात शिट्टी, पुढे दोरी, काठावर एक माणूस लक्ष ठेवायला.

परतल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत पूर्ण वाळवायची, मगच घडी. ओलसर ठेवली तर बुरशी धरते, आणि उंदीर कुरतडतात ते वेगळंच. ठिगळ आणि गोंदाची डबी सोबतच ठेवायची.

काही गट विचारतील, पर्यटकांना बसवून पैसे मिळतील का? मिळू शकतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन सफारी घडवतात, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण पैसे घेऊन माणसं बसवायची तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी, विमा आणि प्रशिक्षण हवं. घरच्या कयाकवर तो धंदा सुरू करू नका.

आमच्या वहीत आता कयाकचं वेगळं पान आहे. कोणी नेली, जॅकेटं किती, परत किती वाजता आली. वाहून गेलेल्या त्या दोन मुलांतली मोठी मुलगी आता स्वतः वल्हवते. पण जॅकेटचे पट्टे तिची आई ओढून बघते, मगच होडी सुटते.

तुमच्या गावात नदी, तळं, खाडी काय आहे आणि तुम्ही मुलांची काळजी कशी घेता, ते आम्हाला जरूर कळवा.