कुणाची बँक वाचवायची?

२४ सप्टेंबर २०१९. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजेच पीएमसीच्या खातेदारांना सकाळीच कळले की रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आहेत आणि पुढचे सहा महिने खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. दिवसाला हजार नव्हे, सहा महिन्यांत हजार. शाखांसमोर रांगा लागल्या, रडारड झाली. मुंबईतल्या कितीतरी गृहनिर्माण सोसायट्यांची खाती याच बँकेत होती; देखभालीची वर्गणी तिथे अडकल्यावर वॉचमनचा पगार कुठून द्यायचा, असा प्रश्न सोसायट्यांच्या कमिट्यांपुढे उभा राहिला. आयुष्यभराची पुंजी ठेवलेल्या पेन्शनरांचे हाल तर विचारायलाच नकोत. मर्यादा पुढे १०,००० झाली, मग २५,०००, ४०,०००, ५०,०००. एक लाखापर्यंत पोहोचायला जून २०२० उजाडला.

दरम्यान ५ मार्च २०२० ला मुंबईचीच येस बँक कोसळण्याच्या बेतात आली. तिच्यावरही निर्बंध आले, पण मर्यादा होती ५०,००० रुपयांची. फोनपेचे यूपीआय व्यवहार या बँकेमार्फत चालत असल्याने ते त्याच रात्री ठप्प झाले. मग चक्रे वेगाने फिरली. १३ मार्चला केंद्र सरकारने पुनर्रचनेची योजना अधिसूचित केली. स्टेट बँकेने ६,०५० कोटी रुपये घातले, आयसीआयसीआय बँक आणि एचडीएफसीने प्रत्येकी १,००० कोटी, अ‍ॅक्सिसने ६०० कोटी, कोटकने ५०० कोटी. १८ मार्चच्या संध्याकाळी ६ वाजता निर्बंध उठले. तेरा दिवसांत प्रश्न मिटला आणि एकाही ठेवीदाराचा रुपया बुडाला नाही.

पीएमसीच्या ठेवीदारांना मात्र जानेवारी २०२२ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून मिळाली. त्यावरची रक्कम हप्त्याहप्त्याने, आणि ज्यांची ठेव मोठी त्यांना शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. वर मार्च २०२१ नंतर, विलीनीकरणाला पाच वर्षे होईपर्यंत, व्याज नाही. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांनी पैसे देऊ म्हणणे हा न्याय कसा म्हणायचा?

दोन्हीकडचे ठेवीदार सारखेच निर्दोष होते. पीएमसीच्या जेमतेम ८,८०० कोटींच्या कर्जांपैकी सुमारे ६,५०० कोटी एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते आणि ते झाकायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली होती, हे नंतर तपासात उघड झाले. पासबुकावर शिक्का मारून घेणाऱ्या ग्राहकाला ते कसे कळणार? येस बँकेचा कर्जव्यवहार २०१४ मध्ये सुमारे ५५ हजार कोटींचा होता, तो पाच वर्षांत २ लाख ४१ हजार कोटींवर गेला. ज्या उद्योगसमूहांना इतर बँका हात आखडून कर्ज देत होत्या, त्यांना इथे दार उघडे होते. तेही ग्राहकाला कळण्यासारखे नव्हते. खरा फरक आकाराचा होता: पीएमसीच्या ठेवी सुमारे ११,६०० कोटी, तर सप्टेंबर २०१९ अखेर येस बँकेच्या २ लाख कोटींहून जास्त. पीएमसी सहकारी होती, तिच्यावर निबंधकांचेही नियंत्रण होते, ही अडचण खरीच. तरीही आकाराचे पारडे जड ठरले.

सरकारची अडचणही समजून घ्यायला हवी. मोठ्या बँकेकडे इतर बँकांचे, म्युच्युअल फंडांचे, विमा कंपन्यांचे पैसे गुंतलेले असतात. ती बुडाली की तिच्याशी व्यवहार करणारा प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने पाहू लागतो, उसनवारी थांबते आणि धडधाकट बँकाही अडचणीत येतात. अमेरिकेने १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्सला बुडू दिले आणि अठरा दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, इतर वित्तसंस्था सावरायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा करावा लागला. येस बँक वाचवली हे योग्यच झाले. धोका सुरू होतो तो त्यानंतर.

सरकार आपल्याला बुडू देणार नाही, अशी खात्री मोठ्या बँकेला एकदा पटली की तिच्या कर्जवाटपातली भीती जाते. जोखीम फळली तर नफा भागधारकांचा आणि बोनस अधिकाऱ्यांचा. फसली तर भार जनतेवर. तिला पैसे देणारेही मग फारशी चौकशी करत नाहीत, त्यामुळे तिला भांडवल स्वस्तात मिळते आणि ती आणखी फुगते. १९८४ मध्ये अमेरिकेत कॉन्टिनेंटल इलिनॉय ही तेव्हाची सातव्या क्रमांकाची बँक तेलउद्योगाच्या बुडीत कर्जांमुळे कोसळली. ठेव विमा १ लाख डॉलरपर्यंतच होता, पण सरकारने सगळ्याच ठेवीदारांना हमी दिली. त्याच वर्षी तिथल्या बँक नियंत्रकाने संसदेसमोर कबूल केले की देशातल्या सर्वांत मोठ्या अकरा बँकांना बुडू दिले जाणार नाही. बाराव्या क्रमांकाच्या बँकेच्या ग्राहकाने त्यातून काय समजायचे होते?

भारतात याची दुसरी बाजू सरकारी बँकांत दिसते. २०१८ च्या मार्चअखेर या बँकांच्या दर शंभर रुपये कर्जामागे साडेचौदा रुपये थकीत होते. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत केंद्राने त्यांत सुमारे ३ लाख ११ हजार कोटी रुपयांचे भांडवल घातले. त्यातले सुमारे पावणेतीन लाख कोटी आले रोख्यांच्या वाटेने. ही वाट अशी: सरकार बँकेला, समजा, १०० कोटींचे रोखे विकते. बँक ते ठेवीदारांच्याच पैशांतून घेते. तेच १०० कोटी सरकार त्याच बँकेत भागभांडवल म्हणून परत घालते. कागदावर बँक सुदृढ होते आणि सरकारी तिजोरीतून त्या दिवशी रुपयाही हलत नाही. पण रोख्यांचे व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातून द्यावे लागते, म्हणजे करदाता ते वर्षानुवर्षे फेडतो. एखादे थकीत कर्ज मुळात कोणी, कुणाच्या सांगण्यावरून मंजूर केले होते, याचा हिशेब या व्यवहारात कुठेच मागितला जात नाही. खरी चीड येते ती याची.

येस बँकेत भार निदान काही प्रमाणात गुंतवणूकदारांवर टाकला गेला. जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षे गोठवले आणि बँक संकटात आली तर तोटा सोसण्यासाठीच असलेले ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे शून्य केले. तत्त्व बरोबर होते. पण हे रोखे सामान्य गुंतवणूकदारांच्या गळ्यात मुदत ठेवीसारखे सुरक्षित म्हणून मारले गेले होते; त्याबद्दल सेबीने २०२१ मध्ये बँकेला २५ कोटींचा दंड केला. स्टेट बँकेला मात्र हा व्यवहार लाभला. २०२५ मध्ये तिने आपला १३.१९ टक्के हिस्सा जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेला ८,८८९ कोटींना विकला. बचाव यशस्वी झाला याचा आनंदच आहे. पण असे यशच पुढच्या वेळी आणखी सढळ हाताने बचाव करायला भाग पाडते.

रिझर्व्ह बँक आता स्टेट बँक, एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक या तिघींना व्यवस्थेसाठी महत्त्वाच्या मानून जादा भांडवल ठेवायला लावते. मोठेपणाची किंमत मोठ्यांनीच मोजावी, हा विचार रास्त आहे. मात्र स्टेट बँकेसाठी हे जादा भांडवल जोखीमभारित मालमत्तेच्या ०.८० टक्के आणि आयसीआयसीआयसाठी ०.२० टक्के एवढेच आहे. ते वाढायला हवे.

आणि कायदा हवा. बँक बुडू लागली तर आधी कोणाचा पैसा जाणार, संचालकांवर काय कारवाई होणार, ठेवीदाराला किती दिवसांत रक्कम मिळणार, हे संकट येण्याआधी लिहिलेले असावे. २०१७ मध्ये संसदेत आलेल्या एफआरडीआय विधेयकाचा तोच हेतू होता. पण त्यात तोट्याची झळ ठेवीदारांनाही लागू शकेल अशी तरतूद होती. त्यावरून घबराट पसरली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने ते मागे घेतले. ती तरतूद काढून उरलेला कायदा करता आला असता. तो करावा, असे प्रत्येक खासदाराला त्याच्या मतदाराने सांगितले पाहिजे.

केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० मध्ये बुडाल्यावर देशात ठेव विमा सुरू झाला, तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. आज ती पाच लाख आहे. एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, एका व्यक्तीला पाच लाखच. त्याहून जास्त बचत असेल तर ती एकापेक्षा अधिक बँकांत ठेवावी, आणि बँक छोटी असेल तर हे काम पुढे ढकलू नये.