डायमंड कटचा हट्ट आणि कोकणची हवा

रत्नागिरीच्या एका वाचकांनी पत्रासोबत त्यांच्या एसयूव्हीच्या चाकाचा फोटो पाठवलाय, आणि तो पाहिल्यावर हा विषय घेतल्याशिवाय राहवेना.

फोटोतलं चाक डायमंड कट फिनिशचं आहे. एका स्पोकच्या कडेला खडी लागून टिकलीएवढं लॅकर उडालंय. तिथून केसाएवढ्या पांढरट रेघा निघून लॅकरच्या खालून वळणं घेत स्पोकभर पसरल्यात. वरून बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतात, असं ते लिहितात. एक कारागीर म्हणतो, लेथवर पुन्हा कट मारून देतो, नव्यासारखी होतील. दुसरा म्हणतो, सगळी काळी पावडर कोट करून टाका. कोणाचं ऐकू, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी हा फिनिश तयार कसा होतो ते बघू. कारखान्यात चाक संपूर्ण रंगवतात, बहुधा काळं किंवा गडद राखाडी. मग ते सीएनसी लेथवर चढवून हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने दर्शनी भागावरून मिलिमीटरच्या काही अंशाएवढा पातळ थर कापतात. वरच्या पृष्ठभागावरचा रंग निघून लखलखीत ॲल्युमिनियम उघडं पडतं, खाचांमधला रंग तसाच राहतो. जवळून पाहिलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक समकेंद्री रेषा दिसतात आणि उन्हात त्यांच्यावर इंद्रधनुषी झाक खेळते. देखणा प्रकार आहे, यात वाद नाही. शोरूममध्ये गाडीच्या वरच्या मॉडेलकडे नजर जाते ती पुष्कळदा या चाकांमुळेच.

त्याचं दुखणंही इथेच आहे. रंगवलेल्या चाकावर रासायनिक प्रक्रियेचा थर, प्रायमर, रंग आणि वर क्लिअर अशी एकावर एक राखण असते. कट मारलेल्या भागावरची ही राखण खरवडून निघते, आणि नंतर तिथे मुख्य भिस्त राहते ती एका पारदर्शक लॅकरवर. त्यात कट मारल्यामुळे स्पोकच्या कडा धारदार होतात. लॅकर ओलं असताना पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतं, त्यामुळे नेमका कडेवरच थर सगळ्यात पातळ बसतो. खडी आणि फुटपाथचा दगड लागतो तोही कडेलाच.

एकदा तिथे भोक पडलं की मीठ आणि ओल आत शिरते आणि या रेघांचा प्रवास सुरू होतो. प्रत्येक रेघेला डोकं आणि शेपूट असतं. डोक्यापाशी प्राणवायू कमी, द्रव खारट आणि आम्लधर्मी, त्यामुळे तिथला धातू विरघळत जातो. प्राणवायू शेपटीकडून येतो आणि मागे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी साचते. डोकं लॅकर उचलत पुढे सरकत राहतं. भिंगातून बघा: दोन रेघा सहसा एकमेकींना ओलांडत नाहीत. दुसरीची वाट आडवी आली की पहिली वळते किंवा तिथेच थांबते. लॅकरखालची ही नक्षी मी तासन् तास बघू शकतो, मात्र ती चाकाच्या मालकाला खर्चात पाडते.

या गंजाला पाण्यात बुडलेलं चाक नको असतं, दमट हवा हवी असते. साधारण ६५ ते ९५ टक्के आर्द्रतेत तो फोफावतो, सोबतीला थोडा क्षार असला की झालं. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून तिकडचे मोटारमालक या रेघांनी हैराण असतात. आपल्या भागात रस्त्यावर कोणी मीठ टाकत नाही, पण रत्नागिरी, मालवण, पणजी, मुंबई इथे समुद्र तेच काम बारा महिने करतो. हेच चाक नागपूरला असतं तर टवका उडूनही कितीतरी जास्त टिकलं असतं. म्हणून फिनिश निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, गाडी रात्री उभी कुठे राहते?

आता पहिल्या कारागिराचा सल्ला. पुन्हा कट मारता येतो, पण प्रत्येक कट म्हणजे धातूचा एक थर कायमचा गेला. फुटपाथला घासून पडलेला ओरखडा खोल असेल तर तो घालवण्यासाठी सबंध दर्शनी भाग तेवढा खाली घ्यावा लागतो. खड्ड्यात आपटून रिम किंचित वाकलेली असेल तर कट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ बसतो. गाडी सेकंडहँड असेल तर आधी किती वेळा कट मारलाय हे सांगणारं कोणी नसतं. आपल्याकडे अलॉय चाकांसाठी मानक ठरलेलं आहे. वळणावरचा ताण, भार आणि आघात यांच्या चाचण्या चाक ज्या जाडीचं बनलं त्या जाडीवर होतात, तासून उरलेल्या जाडीवर नाही. शिवाय गॅरेजमध्ये कट मारल्यावर कारखान्यासारखी रासायनिक पूर्वप्रक्रिया क्वचितच होते. सरळ लॅकर मारतात, आणि रेघा पहिल्यापेक्षा लवकर परततात. कोरड्या हवेतली गाडी, चाक सरळ, ओरखडे उथळ आणि पूर्वी कधी कट मारलेला नसेल, तर एकदा मारायला माझी हरकत नाही. रत्नागिरीत मात्र मी मारणार नाही.

दुसऱ्या कारागिराची दिशा बरोबर आहे. मला काळजी त्याच्या ‘करून टाका’ची वाटते. बहुतेक अलॉय चाकं ए-३५६ जातीच्या मिश्रधातूची असतात: ॲल्युमिनियम, सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम. ओतल्यावर त्यांना साधारण ५४० अंश सेल्सियसला तापवतात, झटकन थंड करतात आणि मग दीडशेच्या वर थोड्याशा तापमानाला काही तास मुरवतात. चाकाची ताकद या संस्कारातून येते. पावडर पिकते १८० ते २०० अंशांना, दहा ते वीस मिनिटांत. म्हणजे मुरवण्याच्या तापमानापेक्षा वर. वेळ आणि तापमान सांभाळलं तर चाकाला धोका नाही. पण ग्रिल आणि गेटच्या लॉटबरोबर तीच चाकं जास्त आचेवर तासभर ओव्हनमध्ये राहिली तर धातू मऊ पडू लागतो. जुना रंग भट्टीत जाळून काढणाऱ्याकडे तर चाक देऊच नका. ते तापमान ४०० अंशांच्या आसपास जातं आणि चाकाचा सगळा संस्कार पुसून टाकतं. रंग रसायनाने किंवा हलक्या ब्लास्टिंगने काढायचा, आणि रेघांची पांढरी भुकटी मुळापासून निघाली पाहिजे. वरवर पॉलिश पेपर मारून रंगवलं तर खाली उरलेला क्षार पुन्हा आपलं काम सुरू करतो.

पावडर मारण्याआधी चाक एकदा नुसतंच ओव्हनमध्ये तापवून घ्यायला सांगा. ओतीव धातूत बारीक छिद्रं असतात. त्यांतली हवा पावडर पिकताना बाहेर पडली तर कोटिंगला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, आणि त्या भोकांतून ओल पुन्हा आत जाते. पावडर पॉलिएस्टरची हवी. एपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते, ती घरातल्या सामानासाठी ठीक. नट बसण्याच्या जागा, हबला टेकणारा भाग आणि टायरचं बीडिंग बसतं तो भाग झाकून घ्यायला लावा. नटाखाली साठ-सत्तर मायक्रॉनचा थर आला तर तो दाबला जातो आणि नट सैल होतात. चाकं बसवल्यावर टॉर्क रेंचने नट आवळा आणि ८० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासा.

ॲनोडायझिंग का नाही, असंही अधूनमधून कोणी विचारतं. १९६६च्या पोर्शे ९११ एसवर आलेली फुक्स कंपनीची पाच पाकळ्यांची चाकं ॲनोडाइज्ड होती आणि त्यांची ती मंद रेशमी झळाळी मला आजही कुठल्याही क्रोमपेक्षा सरस वाटते. पण ती चाकं घडीव होती. ओतीव चाकातल्या सिलिकॉनमुळे ॲनोडायझिंग काळपट आणि डागाळ उतरतं, तेव्हा तो नाद सोडा.

राहिला चमकीचा प्रश्न. दोन रंग आवडतात म्हणून धातू उघडाच ठेवला पाहिजे असं नाही. खाचांत काळी पावडर, दर्शनी भागावर उजळ सिल्व्हर आणि सगळ्यावर क्लिअर पावडर, असं मास्किंग करून घेता येतं. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा ओव्हनमध्ये जावं लागतं म्हणून तापमानावर डोळा ठेवणारा माणूस हवा, आणि मजुरी जास्त पडते. तबकडीच्या रेषांची झाक येणार नाही. पण दहा पावलांवरून चाक जवळपास तसंच दिसतं, आणि धातूवर सगळीकडे राखण असते.

तेव्हा रत्नागिरीकर, चारही चाकं द्या, पण आधी ती सरळ आहेत का आणि कुठे चीर नाही ना, हे टायरवाल्याकडे बॅलन्सिंग मशीनवर फिरवून आणि उजेडात धरून बघा. चीर असेल तर त्या चाकावर एक रुपयाही घालू नका, बदला. बाकीच्यांना दोनरंगी पावडर कोट करा, काम पावसाळ्याआधी उरका, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला चाकांवर ॲसिड मारू देऊ नका. साबणाचं पाणी पुरतं.