आळी, मोहल्ला आणि हुतोंग : गल्ल्यांच्या वस्तीचे पायी वाचन

नगराच्या अभ्यासकाच्या हाती प्रथम नकाशा येतो, आणि पुष्कळदा अखेरपर्यंत नकाशाच राहतो. रुंद रस्ते, नदी, रेल्वे आणि सरकारी इमारती यांविषयी नकाशा विश्वासार्ह असतो. परंतु जेथे दोन माणसे एकमेकांना वाट देत चालतात त्या गल्लीविषयी तो फारसे बोलत नाही. अशी वस्ती पायीच वाचावी लागते. हे वाचन कसे करावयाचे, याचा विचार येथे भिवंडीच्या जुन्या भागाच्या आधाराने केला आहे. तुलनेसाठी पेकिंगचे, म्हणजे आजच्या बीजिंगचे, हुतोंग घेतले आहेत. गल्ल्यांच्या वस्त्यांपैकी ज्यांचा अभ्यास सर्वांत बारकाईने झाला त्यांत हुतोंगांची गणना होते, आणि ज्या प्रश्नांनी ते वाचले गेले त्यांपैकी काही आपल्याला उसने घेता येतील. काही मात्र घेता येणार नाहीत, आणि तेच अधिक बोधक आहेत.

हुतोंग म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी गल्ली. हा शब्द विहीर या अर्थाच्या मंगोल शब्दापासून आला असावा असे सामान्यतः मानले जाते, जरी त्याविषयी एकमत नाही. कुब्लाई खानाने १२६७ मध्ये दादू या राजधानीची उभारणी आरंभिली तेव्हा रस्त्यांची रुंदी पावलांत ठरविली होती : मोठा रस्ता चोवीस पावलांचा, लहान बारा पावलांचा, आणि त्याच प्रमाणाने हुतोंग सहा पावलांचा, म्हणजे सुमारे नऊ मीटरांचा असावा, असे अभ्यासक अनुमान करतात. (चिनी पाऊल म्हणजे आपली दोन पावले, हे मोजणाऱ्याने विसरू नये.) हुतोंग बहुधा पूर्व-पश्चिम जातात, कारण चौकाचे घर दक्षिणाभिमुख असावे असा संकेत होता. अर्थात गल्लीची दिशा घराने ठरविली. त्या घराची पाठ गल्लीकडे असते. बाहेर राखी भिंत, एक दार, आणि दारातून आत डोकावले तरी पुढे आडभिंत. चालणाऱ्याला जे काही कळते ते उंबरठ्यावरच. दाराशी असलेल्या शिलांचा आकार ढोलासारखा की चौकोनी, दारावरील लाकडी खुंट्या दोन की चार, यांवरून घरधन्याचा दर्जा ओळखता येई. १७५० मध्ये पूर्ण झालेल्या राजधानीच्या प्रचंड नकाशात प्रत्येक घराचा चौक दाखविलेला असल्याने तो हाती घेऊन आजही फिरता येते. मात्र एका कुटुंबाच्या चौकात आता अनेक कुटुंबे नांदताना आढळतात, आणि १९७६ च्या तांगशान भूकंपानंतर निवाऱ्यासाठी घातलेल्या छपऱ्यांनी कित्येक चौक भरून गेले आहेत.

आता भिवंडीकडे वळू. येथे कोणा बादशहाने पावले मोजली नाहीत. कामवारी नदीच्या काठची ही जुनी व्यापारी वस्ती खाडीच्या भरतीओहोटीवर जगत होती. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला, भिवंडी मात्र बाजूला राहिली, आणि गलबतांचा व्यापार हळूहळू ओसरला. त्यानंतर शहर तगले ते मागावर. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे आली. त्यांतील काही मालेगावी स्थिरावली, काही भिवंडीस. १९३० च्या सुमारास येथे यंत्रमाग चालू लागले, आणि १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर त्यांची वाढ विलक्षण वेगाने झाली. एवढा इतिहास कोणत्याही ग्रंथालयात मिळेल. गल्लीत तो कोठे दिसतो, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम नावांत दिसतो. नदीकडून निघालेल्या माणसाला बंदर मोहल्ला लागतो. तेथे आज बंदर नाही, नाव आहे. बाजाराच्या बाजूस ब्राह्मण आळी, कासार आळी अशी नावे येतात. पुढे सौदागर मोहल्ला, बंगालपुरा. महानगरपालिकेच्या नावातच येऊन बसलेले निजामपूर. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचे पद्मानगर. आणि सर्वांत अलीकडे मागांच्या छपऱ्यांभोवती वाढलेली ‘कंपाउंडे’. आळी, मोहल्ला, पुरा, पाडा, नगर, कंपाउंड हे प्रत्यय भूस्तरांसारखे एकावर एक साचले आहेत असे म्हणण्याचा मोह होतो. विद्यार्थ्यांनी तो आवरावा. प्रत्यय हा दुवा आहे, पुरावा नव्हे; कासार आळीत आज कासार किती, हे दारावरच विचारावे लागेल. शिवाय नावे बदलतात. पेकिंगमध्ये ‘कुत्र्याचे शेपूट’ असा अर्थ असलेल्या एका हुतोंगाचे नाव कोणाला लाज वाटली म्हणून तशाच उच्चाराच्या पण सभ्य अक्षरांत लिहिले गेले. आपल्याकडे हे काम ठराव करून होते, एवढाच फरक.

दुसरी खूण गल्लीच्या आखणीत. हातमागाच्या वस्तीत ताण्याला पाजण देण्यासाठी लांब, सरळ मोकळी जागा लागते, आणि विणकरांच्या गावी ती जागा म्हणजे घरापुढची गल्लीच असे. तेथे गल्ली ही केवळ वाट नव्हती. घराचाच एक दालनवजा भाग होता. सायझिंगचे कारखाने आल्यावर ते काम गल्लीतून उठले, आणि मोकळ्या जागेवर पायऱ्या, पन्हळी पत्र्यांची छपरे आणि हातगाड्या सरकल्या. म्हणून भिवंडीत एखादी गल्ली अकारण सरळ दिसली तर ‘अकारण’ हा शब्द वहीत लिहिण्यापूर्वी थांबावे. पुढच्या काळात रुंदी ठरविली ती हातगाडीवरून आत जाणाऱ्या सुताच्या बिमाने आणि बाहेर येणाऱ्या कोऱ्या कापडाच्या गठ्ठ्यांनी.

तिसरी खूण ध्वनीची, आणि ती कोणत्याही नकाशावर येणे नाही. हुतोंगात भिंत आवाज आत कोंडते. भिवंडीत खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी रचना असल्याने धोट्याचा आवाज गल्लीभर असतो. प्रस्तुत लेखकाला आरंभी हा निव्वळ गोंगाट वाटला. काही फेऱ्यांनंतर ध्यानात आले की तो मोजता येतो : कोणत्या दारापासून आवाज सुरू होतो, कोठे तुटतो, रात्रपाळीत कोठे चालू असतो, शुक्रवारी नमाजाच्या वेळी कोठे थांबतो. मागवाल्या गल्लीला लागून कामगारांची खाणावळ असते, जिला येथे भिशी म्हणतात. तेथील जेवणाच्या वेळा पाळ्यांच्या वेळा सांगतात. पेकिंगमध्ये वाचकाचा डोळा दारावर असावा, भिवंडीत कान.

या वाचनाचा व्यवहाराशी संबंध काय, असे विचारले जाते. १९७० आणि १९८४ मध्ये या शहराने भीषण दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांना पोलिसांसह एकत्र बसविले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. याचे श्रेय एकट्या योजनेला द्यावे की नाही, हा वादाचा विषय असू शकेल. पण तिने प्रभागाची कागदी सीमा न घेता मोहल्ला हे एकक घेतले, ही निवड चालून पाहिलेल्या माणसाची आहे. याच्या उलट बाजूही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये शहरातील एक तीन मजली निवासी इमारत पहाटेच्या सुमारास कोसळून तिसांहून अधिक माणसे दगावली. जुन्या गल्लीचे कौतुक करणाऱ्याने भिंतीच्या तड्याकडेही पाहिले पाहिजे; नाहीतर त्याचे चालणे सहलीहून वेगळे नाही. पेकिंगमध्ये हा पेच वू लियांगयोंग या स्थपतीने ज्यूअर हुतोंगात सोडविण्याचा प्रयत्न केला. मोडकळीस आलेली घरे पाडून त्याने दोन-तीन मजल्यांची घरे बांधली, पण चौक राखला. तो राखता आला, कारण चौक म्हणजे काय हे ठाऊक होते. भिवंडीत राखावयाचे म्हटले तर काय राखावे? खाली माग आणि वर बिऱ्हाड ही जोडी, की तिच्यापासून माणसाची सुटका? याचे उत्तर तेथे राहणाऱ्यांवाचून देता येणार नाही, आणि ते विचारण्यापूर्वी आज काय आहे याची नोंद तरी हवी.

ही नोंद फार लांबणीवर टाकता येणार नाही. शहराभोवती गोदामांचा विस्तार झाला आहे, आणि आतले माग भंगाराच्या भावाने वजनावर विकले जात आहेत. ज्या छपरात माग उरला नाही तेथे जमिनीकडे पाहावे. यंत्र बसविण्यासाठी काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट बहुधा कापून टाकलेले असतात, पण त्यांची बुंधे राहतात. चार बुंध्यांचा एक माग, असे धरून खोलीत किती माग होते आणि मधून माणसाला जाण्यास किती जागा होती, हे पावलांनी मोजता येते.