ओठ, हात आणि अक्षर : कर्णबधिर व श्रवणक्षम यांचा दैनंदिन संवाद

कर्णबधिर मनुष्य समोरच्याचे ओठ पाहून त्याचे बोलणे जाणतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती किती अपुरी आहे हे मराठीच्या वर्णव्यवस्थेवरूनच दाखविता येते. प, ब आणि म यांच्या उच्चारात ओठ सारखेच मिटतात. घोषत्व कंठात आणि अनुनासिकत्व पडजिभेपाशी सिद्ध होत असल्याने त्यांचा भेद चेहऱ्यावर उमटत नाही. त्यामुळे पाप, बाप व माप हे तीन शब्द कानाला भिन्न असले तरी डोळ्याला एकच होत. कंठ्य वर्णांची गोष्ट तर बोलावयासच नको. सात आणि साठ यांतील भेद जिभेच्या टोकाचा आहे व तो बव्हंशी दातांआड राहतो. भाजीवाल्यापुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हा भेद त्रेपन्न रुपयांचा पडतो. ओष्ठवाचनात प्रत्यक्ष वाचन थोडे आणि संदर्भावरून केलेला तर्क फार, असेच म्हणावे लागेल. ऐकणारी माणसे अशा वेळी मोठ्याने बोलू लागतात. त्याने ओठांचे आकार मात्र अधिक विकृत होतात. २०२० साली मुखपट्टी आली तेव्हा तर ही खिडकीही बंद झाली.

मग बाजारातला व्यवहार चालतो कसा? मुंबईतील या प्रश्नाचा अभ्यास बेल्जियन मानववंशशास्त्रज्ञ ॲनेलीस कुस्टर्स यांनी केला आहे. त्या स्वतः कर्णबधिर आहेत. त्यांच्या ‘इशारे’ (२०१५) या चित्रपटात सहा कर्णबधिर व्यक्ती दुकानदार, फेरीवाले व सहप्रवासी यांच्याशी कसा संवाद साधतात हे दिसते. वस्तूकडे बोट दाखविणे, बोटांनी आकडा सांगणे, ओठांची हालचाल, तळहातावर किंवा हवेत अक्षरे काढणे, ही साधने एकामागून एक नव्हे, तर एकमेकांत मिसळून वापरली जातात. बहुभाषिक शहरात ऐकणाऱ्यांनाही परस्परांशी हातवाऱ्यांनी बोलण्याची सवय असते, हे येथे उपकारक ठरते. पाच बोटे दाखविली असता पाच, पन्नास की पाचशे, हे समोरची वस्तूच सांगते.

परंतु हे हातवारे म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा नव्हे. त्या भाषेला स्वतंत्र व्याकरण आहे. उदाहरणार्थ, तिच्यात एक सामान्य प्रश्नदर्शक खूण असून ती वाक्याच्या अखेरीस येते. स्थळवाचक खुणेला ती जोडली की ‘कोठे’, कालवाचक खुणेला जोडली की ‘केव्हा’ असा अर्थ होतो. दुकानदाराला यातले काही ठाऊक नसते. म्हणून कर्णबधिर गिऱ्हाईक आपली भाषा बाजूस ठेवून समोरच्याला झेपेल असे काही तत्काळ रचते. संवाद दोघांचा असला तरी श्रमाचा भार सहसा एकाच बाजूला पडतो.

वस्तू डोळ्यांसमोर असेतोवर हे सारे पुरते. भूतकाळ, अट किंवा कारण सांगावयाचे झाले की हातवारे थिटे पडतात. ‘ताप उतरला नाही तरच ही गोळी घ्या’ हे वाक्य बोट दाखवून सांगता येत नाही. चिठ्ठी लिहावी, तर जे मूल लहानपणी मराठी ऐकत वाढले नाही त्याला ‘घर’चे ‘घराला’ होणे, ‘तरच’मधील ‘च’चे वजन, हे सर्व केवळ डोळ्याने शिकावे लागलेले असते. चिठ्ठी वाचता आली म्हणजे अट कळली असे होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने संप्रेषणाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश केला आहे. तरीही दवाखान्यात दुभाषी उपलब्ध असणे ही नित्याची गोष्ट नाही. त्याची जागा बहुधा आई, भाऊ किंवा ऐकू येणारे मूल घेते. तेव्हा सर्वनाम बदलते. ‘तुम्हांला कधीपासून दुखते?’ ऐवजी ‘ह्यांना कधीपासून दुखते?’ असा प्रश्न सोबत्याला विचारला जातो, आणि उत्तरही सोबतीच देतो. पुष्कळदा रुग्णाकडे न वळताच.